सॅम्पल फ्लॅटमधून

९ जानेवारी

छोट्या,

आशीर्वाद आहेतच, ते मी मागे घेतलेले नाहीत. बाकीचं पत्र रागात आहे, ते सावकाश वाच.

तुझा फोन बंद. ऑफिसला कुलूप. तुझ्या बायकोला विचारलं तर म्हणाली, "ते बाहेरगावी गेलेत ताई, फायनान्सचं बघायला. पत्र दिलंत तर पोचवीन." म्हणजे पत्र पोचतं, पण माणूस कुठे आहे ते सांगता येत नाही. अख्खी नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कोण कुठल्या कोपऱ्यात असेल त्याला लाइन जोडून दिली. आणि आता सख्ख्या भावाला पाकिटातून गाठते आहे.

काम थांबलंय हे तुला कळलं असेलच. दुसरा स्लॅब टाकून झाला, तिथेच. वरून सळया आभाळात उभ्या आहेत, गंजायला लागल्यात. मजूर पांगले. मुकादम जाताना मला सांगून गेला, "ताई, साहेब आले की बोलवा, पण आधी मागचं भागवायला सांगा." क्रेन तशीच वाकून उभी आहे. लिफ्ट मात्र आली. खरंच आली. तीन लाकडी खोक्यांमध्ये गेटच्या आत ठेवून गेलेत. लिफ्ट आहे आणि चढायला मजले नाहीत, हे बघायला रस्त्यावरचे लोक थांबतात.

लोक तुला नाही, मला विचारतात. जुनी इमारत पाडायला द्यायची की नाही यावर सोसायटीत भांडणं चालली होती, तेव्हा मीच उभी राहून म्हटलं होतं, बिल्डर माझा भाऊ आहे, घरचं माणूस आहे, पळून थोडाच जाणार आहे. त्यावर मास्तरांनी सही केली. मास्तरांनी केली म्हणून बाकीच्यांनी केली. टेलरकाकूंनी सगळ्यांत शेवटी केली, आणि सही करताना माझ्याकडेच बघत होत्या.

मी सांगते, येतोय. काम मोठं आहे, वेळ लागतो. परवा तर म्हटलं, "कालच फोन झाला माझा." खोटं बोलायला मला अडचण येत नाही, पण खोटं लक्षात ठेवायला वयामुळे जड जातं.

आम्ही मजेत आहोत. जागा छान आहे, नवीकोरी. तुझे भावोजी रोज दुपारी बाल्कनीत बसून पेपर वाचतात, समोर तळं आणि झाडं. काळजी करू नकोस.

एक फोन कर. दोन शब्द बोल आणि ठेव.

ताई

२ फेब्रुवारी

छोट्या,

मागच्या पत्रात तळं लिहिलं होतं. ते छापलेलं आहे.

आता लपवण्यात अर्थ नाही. आम्ही साइटवरच्या तुझ्या सॅम्पल फ्लॅटमध्ये राहतोय. तू सगळ्यांची भाडी भरणं बंद केलंस, तेव्हा आमच्या घरमालकाने एक महिना वाट पाहिली, दुसऱ्या महिन्यात खोली रंगवायला माणसं पाठवली. भावोजी म्हणाले, आपल्या लेकीकडे जाऊ. लेकीच्या दोन खोल्यांत तिचे सासूसासरे आहेत. आणि तिच्या सासूबाई मला काय विचारणार हे मला पाठ आहे: "तुमचे भाऊ तर बिल्डर ना?" सॅम्पल फ्लॅटची एक चावी माझ्याकडे होती. तूच दिली होतीस, रविवारी गिऱ्हाइकांना दाखवायला तुझी सेल्सची मुलगी नसली तर उघडायला म्हणून. मी एका सकाळी उघडला आणि आमच्या बॅगा आत ठेवल्या.

तू तो इतका सुंदर करून घेतलास की त्यात काहीच खरं नाही हे राहायला गेल्याशिवाय कळत नाही. टीव्ही पुठ्ठ्याचा. फ्रीज म्हणजे नुसतं दार आणि आत दिवा. पुस्तकांच्या पाठी आहेत, पुस्तकं नाहीत. भावोजी एक ओढायला गेले आणि अख्खी रांग हातात आली. स्वयंपाकघरात चकचकीत नळ, त्याला पाणी नाही. पाणी मी गेटजवळच्या टाकीवरून बादलीने आणते. बाथरूम तेवढं मागच्या साइट ऑफिसचं वापरतो. पलंग मुद्दाम आखूड करून घेतला होतास ना, खोली मोठी दिसावी म्हणून? भावोजींचे पाय पोटऱ्यांपासून बाहेर राहतात. त्यांनी खाली स्टूल लावलंय. म्हणाले, "तुझ्या भावाने खोली मोठी केली आणि मला लांब केलं."

बाल्कनीच्या पुढे फ्लेक्सवर तळं आहे. त्यात एक बाई आणि लहान मूल होडीत बसलेत. भावोजी रोज त्यांच्यासमोर बसतात. मी विचारलं, काय बघता? म्हणाले, ती बाई वल्हवत नाहीये.

दुपारी मी बाहेर हिंडते, बसवत नाही. आपला रस्ता ओळखू येणार नाही तुला. म्हणजे तसाच आहे, पण चालत नाहीये. समोरच्या दोन्ही साइटच्या पत्र्यांवर आता कोचिंग क्लासच्या जाहिराती लागल्यात. हार्डवेअरवाल्याने शटर अर्धं उघडं ठेवलंय, त्याखालून वाकून आत जावं लागतं. म्हणतो, पूर्ण उघडलं तर उधार मागणारेच येतात. मजुरांना डबे देणारी मेसवाली बाई गेली. तिची चूल होती तिथे काळा डाग आहे फक्त. आणि तुझा तो इस्टेट एजंट, कायम पांढरे बूट घालणारा, तो आता ड्रायव्हिंग शिकवतो. काल सिग्नलला त्याची गाडी थांबली होती. काच खाली होती. शिकणाऱ्या बाईला सांगत होता, "हा रस्ता पुढे फार डेव्हलप होणार आहे, मॅडम." सवय.

दोष तुझ्या एकट्याचा नाही हे मला कळतं. कोणीच घर घेत नाहीये. बँकेचे हप्ते वाढले, लोकांच्या नोकऱ्या डुगडुगतायत, जो तो म्हणतो अजून उतरेल, थांबू. सगळेच थांबले की सगळंच थांबतं. वरचे फ्लॅट विकायचे आणि त्या पैशात खाली आमचे बांधायचे हे तुझं गणित होतं. वरचे विकले गेले नाहीत. ठीक आहे. पण ते आम्हाला समोर उभं राहून सांगायला काय झालं होतं?

टेलरकाकू भेटल्या. एका दुकानाच्या मागच्या खोलीत मशीन टाकलंय त्यांनी. जुन्या इमारतीतल्या बायकाच त्यांचं गिऱ्हाईक होत्या, त्या आता गावभर पांगल्या. मला म्हणाल्या, "तुमचं बरं आहे हो. भावाने तुम्हाला चांगल्या ठिकाणी ठेवलं असेल."

मी हो म्हटलं.

ताई

२० फेब्रुवारी

छोट्या,

रविवारी गिऱ्हाईक आलं. महिन्याभरातलं पहिलं.

आम्ही सकाळचा चहा घेत होतो. स्टो पलंगाखाली सरकवला, भावोजी मागच्या दाराने साइट ऑफिसात गेले, मी साडी नीट केली आणि दार उघडलं. नवराबायको. ती नर्स आहे, तो छापखान्यात. ती रात्रपाळीहून थेट आली होती, डोळे सुजलेले. पण घर बघताना तिचा चेहरा बदलत गेला. ती ओट्यावर हात ठेवून उभी राहिली. नुसती उभी. मग नवऱ्याला म्हणाली, "इथून खिडकीतून दिसतं बघ. आपल्याकडे भिंत दिसते."

त्याने विचारलं, "ताबा कधी?"

मी म्हटलं, "काम चालू आहे."

बाहेर क्रेन हलत नव्हती, एक माणूस नव्हता. पण त्याला दिसलं नाही. आपल्याला हवं असतं तेव्हा दिसत नाही. किंमत ऐकून त्याने खूप घासाघीस केली. मी तुझ्या त्या सेल्सच्या मुलीसारखं कधी हसून, कधी गंभीर होऊन उत्तरं दिली. ते पुढच्या रविवारी चेक घेऊन येतो म्हणाले.

ते गेल्यावर मी इतकी खूश झाले की भावोजींना ओरडून बोलावलं. एक बुकिंग झालं की दुसरं होईल, मुकादम परत येईल, मिक्सर सुरू होईल. भावोजी म्हणाले, "आणि नाही झालं तर?"

"होईल."

"नाही झालं तर ती दोघं आपल्या रांगेत."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. इतक्या छोट्या घरात न बोलणं सोपं नाही, सारखं एकमेकांना वाट द्यावी लागते.

बुकिंगची बातमी मी तुझ्या बायकोला सांगितली. आणि बघ, इतके दिवस ज्याचा आवाज नाही त्याचा निरोप त्याच संध्याकाळी आला. ती स्वतः आली. दारातच उभी राहिली, आत बोलावलं तरी येईना. आमचं अंथरूण दिसलं तिला, मग चपलांकडे बघत राहिली. फोन काढून तुझा मेसेज वाचून दाखवला.

"ताईला सांग, चेक माझ्या नावाने घे. सोसायटीच्या खात्याचं काही बोलू नको. पावती नंतर देतो म्हणावं. बाकी मी बघतो."

बुकिंगचे पैसे सोसायटीच्या खात्यात जातील असं करारात तूच लिहून दिलं होतंस. मी विचारलं, "माझ्यासाठी काही?"

तिने फोन पुन्हा बघितला. खरंच बघितला, वरखाली करून. म्हणाली, "नाही ताई. एवढंच."

तिचा चेहरा मी विसरणार नाही. तिच्याशी भांडू नकोस, तिला लाज वाटत होती आणि ती तुझ्या वाटणीची होती.

ताई

२७ फेब्रुवारी

चेक घेतला नाही.

कसं झालं ते सांगते. रविवारी दोघं आली. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिने मापाची टेप आणली होती, पडद्यांसाठी. तीच टेप घेऊन ती बेडरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी गेले तर ती पलंगाच्या पायथ्याच्या स्टुलाकडे बघत होती. त्यावर भावोजींची दुमडलेली चादर होती. खिडकीच्या गजाला माझा टॉवेल वाळत होता, मी काढायचा विसरले होते.

"इथे कोणी राहतं का?" तिने विचारलं.

मला सांगता आलं असतं, वॉचमन. ओठांवर आलं होतं.

"आम्ही राहतो," मी म्हटलं. "मी आणि माझे मिस्टर. मी बिल्डरची बहीण. आमचं घर या जागेवर होतं, ते पाडलं. नवीन होईल की नाही मला माहीत नाही. माझा भाऊ कुठे आहे तेही माहीत नाही. तुम्ही पैसे देऊ नका."

तो हॉलमधून आला, त्याला तिने सांगितलं. तो माझ्यावर भडकला, आणि का भडकू नये. "मागच्या रविवारी सांगता आलं नाही? आम्ही घरी सगळ्यांना सांगून बसलो. हिने पडद्याचं कापड बघून ठेवलंय." मी ऐकून घेतलं. तो पुष्कळ बोलला. मग ती म्हणाली, "चल," आणि टेप गुंडाळायला लागली. ती गुंडाळताना टेप दोनदा हातातून सुटली. दारातून वळून तिने मला विचारलं, "मग तुम्ही कुठे जाणार?"

तुझ्या मेसेजमध्ये नव्हता तो प्रश्न.

मी रागात नाही आता. रागापेक्षा वाईट आहे. घरात नुसती येरझाऱ्या घालते. हॉल, बेडरूम, हॉल. भावोजी म्हणाले, "बस जरा, तुझ्या चालण्याने फ्रीजचं दार उघडतंय."

ताई

१५ मार्च

छोट्या,

तुझ्यापर्यंत बातम्या जातच असतील. तरी माझ्याकडून ऐक, कारण यातला एक भाग तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं वाटतं.

मी गिऱ्हाईक घालवलं हे एजंटाला कळलं. छापखान्यातला तो माणूस त्याच्याच ओळखीने आला होता. एजंटाने ते हार्डवेअरवाल्याला सांगितलं, तिथून टेलरकाकूंना. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी थेट साइटवर आल्या. कात्री पर्समध्ये टाकायची राहिली असावी, हातातच होती. मी दार उघडलं तेव्हा क्षणभर दचकले.

"आलेलं गिऱ्हाईक घालवलंत? एकुलतं एक? तुम्हाला काय हो, भावाच्या जिवावर..."

बोलत बोलत आत आल्या आणि थांबल्या. कोपऱ्यात बादल्या, पलंगाखालून डोकावणारा स्टो, दोरीवर भावोजींचे लेंगे. भावोजी बाल्कनीतून उठून उभे राहिले, हातात पेपर, मागे तळं.

टेलरकाकू खुर्चीवर बसल्या. कात्री मांडीवर ठेवली. टेबलावरच्या परडीतलं सफरचंद उचललं, दाबून पाहिलं, मेणाचं होतं, परत ठेवलं.

"कधीपासून?"

"जानेवारीच्या आधीपासून."

"आणि मला म्हणालात, चांगल्या ठिकाणी आहोत."

"चांगलंच आहे की. नवीकोरी जागा आहे."

त्यांना हसू आलं. मला वाटलं होतं रडतील, पण हसल्याच. मग मीही. भावोजी आमच्याकडे बघत राहिले. हसून झाल्यावर काकू म्हणाल्या, "मीटिंग इथेच बोलवू. खुर्च्या आहेत." आणि उठून दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायला लागल्या, मी नको म्हणत असताना.

मीटिंग झाली. हॉलमध्ये, बेडरूममध्ये, ओट्यावर, सगळीकडे माणसं. मास्तर लेकीच्या गावाहून बसने आले. त्यांना पलंगावर टेकवलं. तो आखूड पलंग पाहून ते म्हणाले, "हा कोणासाठी आहे?" भावोजी म्हणाले, "बघायला येणाऱ्यांसाठी."

लोक तुझ्यावर तुटून पडले. मी तुझी बाजू घेतली नाही. मध्ये एक जण म्हणाला, बहीणच आतून सामील आहे. तर टेलरकाकू म्हणाल्या, "ती बादलीने पाणी भरते. सामील माणसाला नळ असतो."

ठरलं ते असं. तुझ्याशी केलेला करार रद्द करायचा. नऊ मजली इमारत नको, जिम नको, तलाव नको, विकायला एकही फ्लॅट नको. जेवढी कुटुंबं तेवढीच घरं, चार मजल्यांत. प्रत्येकाने आपापला वाटा घालायचा, ज्याला जमेल तसा. काहींना जड जाणार आहे, आम्हालाही. जागाही आधीच्यापेक्षा लहान मिळेल. एक कंत्राटदार मास्तरांच्या ओळखीचे आहेत. सगळे त्यांना टाकीवाले म्हणतात, कारण आयुष्यभर त्यांनी पाण्याच्या टाक्या बांधल्या. सावकाश बोलतात, त्याहून सावकाश काम करतात. भावोजी म्हणाले, "निदान गळणार नाही."

तुला काढायला जवळजवळ सगळ्यांच्या सह्या लागत होत्या. कागद फिरायला लागला तेव्हा कोणीच पहिली सही करेना. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि बघत नाहीत असं दाखवत होते. भावोजी हळूच म्हणाले, "तू बहीण आहेस की सभासद?"

मी म्हटलं, "दोन्ही. पेन द्या."

पहिली सही माझी आहे, छोट्या. नोटीस तुझ्या ऑफिसच्या दाराला चिकटवतील, कारण पत्ता कोणालाच माहीत नाही. ती वाचशील तेव्हा खालचं पहिलं नाव बघून तुला धक्का बसू नये म्हणून हे पत्र.

ताई

२ एप्रिल

छोट्या,

परवा तू फोन केलास. फोन ठेवल्यापासून मनात तेच बोलणं पुन्हा पुन्हा चालू आहे, म्हणून लिहून टाकते. लिहिलं की थांबेल.

तू म्हणालास, "सही केलीस?"

मी म्हटलं, "केली."

"मला विचारायचं होतंस."

"कुठे?"

मग तू बराच वेळ बोलला नाहीस. एक्स्चेंजमध्ये असताना आम्हाला सवय होती, लाइन चालू असते आणि दोन्हीकडे कोणी बोलत नाही. आम्ही मध्ये पडायचो नाही.

मग तू म्हणालास, तीन साइट एकदम सुरू केल्या तेव्हा सगळे पाठ थोपटत होते. एकीचे पैसे दुसरीत घातले, दुसरीचे तिसरीत, आणि एक दिवस कुठूनच काही येईना. सकाळी साइटवर गेलास, मजूर हातपाय धुऊन रांगेत उभे होते पगारासाठी, तू गाडीतून उतरलाच नाहीस. गाडी तशीच पुढे नेलीस. "वळवायची होती ताई," म्हणालास. "पुढच्या चौकात वळवू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या."

ते ऐकून मला तुझ्याजवळ यावंसं वाटलं. तू फरशी बसवणारा होतास तेव्हा गुडघ्यांना गोणपाट बांधून काम करायचास, आणि काम झालं की कोणी नसताना अनवाणी चालून बघायचास. मला दाखवायला नेलंस एकदा, अनवाणी चालायला लावलंस. तो माणूस गाडीतून उतरला नाही याचं मला जास्त दुःख आहे, चेकपेक्षा.

पण मग तू म्हणालास, "ती नोटीस मागे घ्यायला सांग. बाजार सुधारला की दुप्पट देईन सगळ्यांना." बाजार सुधारेल तेव्हा मास्तर कुठे असतील? त्यांनी लेकीच्या गॅलरीत किती दिवस झोपायचं? तुला अजून वाटतं की माणसं थांबून राहतात, फ्लॅटसारखी.

मी नाही म्हटलं. तू फोन आपटलास. आपट. पण पुढच्या वेळी नंबर लपवून करू नकोस.

ताई

२३ नोव्हेंबर

छोट्या,

मधे लिहिलं नाही. वेळ नव्हता असं म्हणणार होते, पण खरं म्हणजे काय लिहायचं कळत नव्हतं. नवे नकाशे मंजूर व्हायला सगळे महिने गेले. दोन कुटुंबं वाटा जमत नाही म्हणून बाहेर पडली, त्यांच्या जागा दुसऱ्या दोघांनी घेतल्या, त्यावरून कडाक्याचं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. त्यापायी टेलरकाकू आणि हार्डवेअरवाला एकमेकांशी बोलत नाहीत, पण सिमेंट त्याच्याकडूनच येतं. त्याचं शटर आता पूर्ण वर असतं. मी आणि भावोजी अजून इथेच. प्लंबरने नळाला पाणी जोडून दिलं. पहिल्यांदा सोडलं तेव्हा आतून पाण्याआधी इतकी हवा आली की भावोजी मागे सरकले.

टाकीवाले सळया घासून घेतात, एकेक कॉलम ठोकून बघतात, मग मान हलवतात. तुझं काम पक्कं होतं म्हणाले. मुद्दाम लिहिते, तुला कळावं. "ज्याने हे केलं त्याला घाई होती, पण हात चांगला होता," असं म्हणाले. मी सांगितलं नाही कोणाचा हात ते.

काल तिसरा स्लॅब होता.

सकाळपासून मिक्सर चालू. टाकीवाल्यांनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं की एकदा ओतायला घेतलं की थांबायचं नाही, कोणी आजारी पडो, कोणी भांडो. मध्ये थांबलं तर तिथे सांधा राहतो, आणि तो सांधा पुढे आयुष्यभर पाणी पितो. आम्ही बायका मजुरांना पाणी आणि चहा देत होतो. मास्तर खुर्ची टाकून बसले होते, सिमेंटची रिकामी पोती नीट रचत. मी वर गेले होते, किटली घेऊन, तेव्हा खाली रस्त्यापलीकडे बघितलं.

तू उभा होतास. बंद पडलेल्या त्या साइटच्या पत्र्याला टेकून. वाळला आहेस. दाढी वाढवलीस, ती तुला शोभत नाही. तू माझ्याकडे बघत नव्हतास, स्लॅबच्या कडेकडे बघत होतास, माल नीट पसरतोय का ते.

मी हाक मारली असती. तोंड उघडलं होतं. पण माझ्यामागे घमेली येत होती, रांग लागली होती, मी अरुंद फळीवर उभी, आणि मागचा माणूस म्हणाला, "आई, पुढे व्हा, थांबू नका." मी पुढे झाले. चहा दिला, पलीकडच्या बाजूने उतरले, पुन्हा किटली भरली, पुन्हा वर गेले. दर खेपेला तू होतास. दर खेपेला मला वाटलं, हा रस्ता ओलांडेल. दुपारनंतर एकदा तू फुटपाथवरून खाली उतरलास, दोन पावलं आलास. एक रिक्षा आडवी गेली, आणि तू परत मागे झालास.

संध्याकाळी स्लॅब पुरा झाला. टाकीवाल्यांनी हात वर केला आणि मिक्सर बंद पडला. इतकी शांतता झाली की सगळे एकदम कमी आवाजात बोलायला लागले. मी गेटवर धावत आले. तू नव्हतास. पत्र्यापाशी जाऊन आले, वळणापर्यंत जाऊन आले. भावोजी मागून आले, म्हणाले, "तो होता ना?" त्यांनीही पाहिलं होतं. मी विचारलं, मग तुम्ही का नाही हाक मारलीत? म्हणाले, "मला वाटलं, तू मारशील."

रात्रीचं जेवण कोणाला गेलं नाही आमच्यात.

तर आता ऐक. मी टाकीवाल्यांशी बोलले आहे. तुझं नाव सांगितलं. ते बराच वेळ विचार करत राहिले, त्यांची तीच पद्धत आहे. म्हणाले, चौथा स्लॅब झाला की फरशीचं काम निघेल, फरशीला चांगला हात मिळत नाही हल्ली, रोजावर येत असेल तर येऊ दे. सोसायटीतले काही तुला बघून तोंड फिरवतील, एक-दोघं बोलतीलही. टेलरकाकू नक्की बोलतील. ते तुला ऐकून घ्यावं लागेल, समोर उभं राहून, गाडीत बसून नाही. बिल्डर म्हणून कोणी तुला बोलवत नाहीये, हे नीट समजून घे. मीही नाही.

स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर आता पाणी भरून ठेवलंय. आता काही दिवस रोज सकाळी मी पाइप घेऊन चढणार, कडेपर्यंत पाणी आहे की नाही बघणार. त्या वेळी गेटला कडी नसते, नुसतं लोटलेलं असतं. यायचं असेल तर रस्ता ओलांडून आत ये. पलीकडे उभा राहू नकोस, मला तिथून तुझा चेहरा नीट दिसत नाही.

ताई